नेट किती वाजता गेलं, हे कुणी सांगायचं?

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण,
नवी दिल्ली

विषय : व्यावसायिक इंटरनेट जोडणीची नोंद ग्राहकालाही मिळावी याबाबत

महोदय,



कोल्हापूर, इचलकरंजी आणि सांगली या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांची, पॅथॉलॉजी लॅबची आणि सीएंच्या कार्यालयांची नेटवर्क मी सांभाळते. एक मागणं घेऊन आपल्याला लिहीत आहे. इंटरनेटची जोडणी कधी तुटली, किती वेळ तुटलेली राहिली आणि चालू असतानाही किती खराब होती, याची नोंद आज सेवा देणाऱ्याकडेच राहते. ती पैसे भरणाऱ्यालाही मिळाली पाहिजे आणि तक्रारीत पुरावा म्हणून ती मानली गेली पाहिजे.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतली एखादी मध्यम फौंड्री घ्या. ओतून, घासून, तपासून तयार झालेली कास्टिंग्ज संध्याकाळी ट्रकमध्ये चढतात आणि पहाटेपर्यंत पुण्याच्या वाहन कारखान्यात पोचावी लागतात. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. ई-वे बिल तर २०१८ पासूनच आहे. सरकारी पोर्टलवरून क्रमांक आल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर काढता येत नाही. नेमक्या त्याच वेळी मोडेमवर लाल दिवा लागतो. अकाउंटंट मोबाइलचा हॉटस्पॉट लावून कसंबसं एखादं बिल काढतो, पण बिलाचं सॉफ्टवेअर दुसऱ्या शाखेतल्या सर्व्हरवर असेल तर तेही धड चालत नाही. हेल्पलाइनवर तिकीट नोंदवलं जातं. दीडएक तासाने दिवा हिरवा होतो, ट्रक निघतो, आणि पुण्यात पोचेपर्यंत माल उतरवून घेण्याची त्याची वेळ टळून गेलेली असते.

दुसऱ्या दिवशी मालक फोन करतो. तिकडून उत्तर येतं, ‘सर, आमच्या सिस्टिमला वीस मिनिटांचाच इश्यू दिसतोय.’ कधी कधी, ‘लिंक अप होती, तुमचा राउटर ऑफ-ऑन करून बघा.’ यावर मालक काय बोलणार? त्याने घड्याळ पाहिलं होतं, पण घड्याळ पाहिल्याचा पुरावा नसतो. समोरच्याकडे निदान काहीतरी नोंद आहे आणि ती तो दाखवत नाही. लीज लाइन घेणारे मोठे ग्राहक अशा वेळी ‘आरएफओ पाठवा’ म्हणून मागे लागतात, म्हणजे सेवा का बंद पडली याचा लेखी खुलासा मागतात. साधं बिझनेस ब्रॉडबँड घेतलेल्याला हा शब्दही माहीत नसतो. माहीत असला तरी त्याने मागितलेला खुलासा सहसा येत नाही. आला तर ‘फायबर कट’ या दोन शब्दांपुढे जात नाही.

सेवा कंपनीला खरोखर किती माहीत असतं हे ग्राहकांना ठाऊक नाही, म्हणून इथे जरा तपशिलात जाते. आज बहुतेक छोट्या कार्यालयांत येणारी फायबर जीपॉन पद्धतीची असते. केबल ऑफिसातल्या यंत्राच्या एका पोर्टवरून निघालेला प्रकाश वाटेतल्या स्प्लिटरमध्ये ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटला जातो. उतरता २.४८८ गिगाबिट आणि चढता १.२४४ गिगाबिट एवढा वेग त्या सगळ्यांमध्ये मिळून असतो. प्रत्येक ग्राहकाकडचा मोडेम आपल्यापर्यंत किती प्रकाश पोचतो आहे याची माहिती त्या यंत्राला देऊ शकतो. नेहमीच्या दर्जाच्या उपकरणांत ही पातळी उणे २७ डीबीएमच्या खाली गेली की जोडणीचा भरवसा उरत नाही. रस्त्यातल्या जॉइंट बॉक्समध्ये पावसाचं पाणी शिरलं किंवा खांबावर फायबर जास्त वाकली, की जोडणी तुटण्याच्या कितीतरी दिवस आधीपासून ही पातळी घसरू लागते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वीज गेली की मोडेम विझता विझता एक अखेरचा संदेश वरच्या यंत्राला धाडतो. फायबर तुटली तर तो संदेश येत नाही. म्हणजे ग्राहकाच्या घरची वीज गेली की रस्त्यातली काच तुटली, एवढा फरक सेवा देणाऱ्याच्या पडद्यावर त्याच क्षणी ओळखता येतो. तरीही हेल्पलाइनवरचा पहिला प्रश्न ‘तुमच्याकडे लाइट आहे का?’ हाच असतो. फोनवर बसलेल्या मुलाला हा पडदा दिलेला नसतो, आणि ग्राहकाला तो दाखवण्याचं बंधन कुणावर नाही.

जोडणीवर लक्ष ठेवणाऱ्या प्रणालींत गेल्या काही वर्षांत जे नवं आलं आहे, त्यामुळे हे चित्र बदलणं आता शक्य झालं आहे. माइक मुस या अमेरिकी अभियंत्याने डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. एक पाकीट पाठवायचं, ते परत आलं का आणि किती वेळात आलं हे मोजायचं. आजही सगळ्या मोजमापाच्या मुळाशी तेच आहे. पुढे नव्वदच्या दशकात टोबियास ओटिकर यांचा एमआरटीजी हा लाइनवरच्या वाहतुकीचा ग्राफ काढणारा प्रोग्रॅम आला. आपल्याकडच्या लीज लाइनवाल्यांच्या तोंडी आजही ‘एमआरटीजी ग्राफ पाठवा’ हीच भाषा आहे. पण तो ग्राफ दर ५ मिनिटांनी एकदा आकडा घेतो आणि सरासरी काढतो. मधली ४० सेकंद लाइन गेली तर त्या सरासरीत ती बुडून जाते. लॅबमधून रिपोर्ट अपलोड होत असेल किंवा ग्राहकाशी व्हिडिओ कॉल चालू असेल, तर तीच ४० सेकंद सगळा खेळ मोडतात.

आजच्या प्रणाली दर सेकंदाला पिंग करतात, तेही एका ठिकाणी नाही तर गेटवेपर्यंत, सेवा कंपनीच्या मुंबईतल्या केंद्रापर्यंत आणि परदेशातल्या सर्व्हरपर्यंत वेगवेगळं. त्यामुळे दोष ऑफिसातल्या वायफायचा आहे, गल्लीतल्या फायबरचा आहे की समुद्रापलीकडचा, हे कळतं. जोडणीच बंद पडली तर ऑफिसात बसवलेली मोजणीची डबी काही कळवू शकत नाही, म्हणून उलट सोय केलेली असते. डबीकडून ठरलेला ठोका आला नाही की बाहेरचा सर्व्हर मालकाच्या मोबाइलवर संदेश पाठवतो. डबीत लहान बॅटरी आणि सिमकार्ड असेल तर ती वीज गेल्याचंही कळवते. दोन कंपन्यांच्या लाइन असतील तर दोन्हींची महिनाभराची तुलना एका पानावर मिळते. एक लाइन कमजोर पडली की काम आपोआप दुसरीवर सरकतं, आणि ते कधी सरकलं हेही नोंदलं जातं. महिन्याच्या शेवटी तारीख-वेळेसह अहवाल निघतो. ही सगळी सोय पूर्वी बँका आणि मोठ्या आयटी कंपन्यांपुरतीच होती. आता ती लहान कार्यालयाच्या आवाक्यात आली आहे, आणि त्यातला बराचसा भाग तर मुक्त सॉफ्टवेअरवर फुकट उभा करता येतो.

यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे ‘चालू पण खराब’ असलेली जोडणी दिसू लागली. पूर्ण बंद पडलेल्या जोडणीबद्दल निदान वाद घालता येतो. अर्धवट आजारी जोडणीबद्दल बोलायलाही सोय नव्हती. दिवा हिरवा, हेल्पलाइनवर ‘अप’, पण पाकिटं गळताहेत. शंभरात एक पाकीट गळणं ऐकायला क्षुल्लक वाटतं. टीसीपी या पाकिटं पोचवण्याच्या पद्धतीचा रूढ हिशेब मात्र असा आहे, की पाकिटाच्या जाण्या-येण्याचा फेरा ५० मिलिसेकंदांचा आणि गळती १ टक्का असेल तर एका जोडणीवरून जाणारा वेग ३ एमबीपीएसच्या आसपास अडकू शकतो, मग योजना २०० एमबीपीएसची का असेना. नव्या पद्धती याहून बऱ्या वागतात, पण सगळ्या ठिकाणी त्या नसतात. दुसरा प्रकार लाइनवर भार आला की फेऱ्याचा वेळ वाढण्याचा. संध्याकाळी टॅलीचा बॅकअप क्लाउडवर चढू लागतो आणि शेजारच्या खोलीतला कॉल तुटक ऐकू येऊ लागतो. स्पीड टेस्ट केली तर आकडा झकास येतो. ग्राहक स्वतःलाच दोष देतो, नवा राउटर विकत आणतो, आणि फरक पडत नाही.

हीच नोंद सेवा कंपनीच्या बाजूनेही उभी राहते, हे मी मुद्दाम सांगते. ६ सप्टेंबर २०२५ ला तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतासह अनेक देशांची वाहतूक लांबच्या वाटांनी वळवावी लागली. युरोपातल्या खरेदीदाराच्या पोर्टलवर काम करणाऱ्या निर्यातदाराला त्या दिवसांत नेट संथ वाटलं असेल, तर त्यात गल्लीतल्या केबलवाल्याचा काडीचाही दोष नव्हता. ज्याच्याकडे वेगवेगळ्या टप्प्यांची नोंद आहे त्याला हे पाच मिनिटांत दिसतं: मुंबईपर्यंतचा फेरा रोजच्यासारखा, युरोपचा वाढलेला. आमच्याकडची लाइनवर काम करणारी मुलं पावसात खांबावर चढून स्प्लायसिंग करतात आणि वर लोकांच्या शिव्या खातात. दोष कुठे होता हे लिहिलेलं असेल तर त्यांचाही बचाव होतो. ग्राहकाच्याच आवारात उंदरांनी केबल कुरतडली असेल तर तेही दिसतं, आणि मी माझ्या ग्राहकांना ते तोंडावर सांगते.

बाजारात किराणा दुकानदाराच्या तराजूवर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. त्यासाठी २००९ चा कायदा आहे. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि कुणीही ग्राहक मोजून मागू शकतो. इंटरनेटच्या बाबतीत माल देणाराच मोजतो, मोजलेलं स्वतःकडे ठेवतो आणि भांडण झालं तर त्यातलं हवं तेवढं सांगतो. ट्रायने, म्हणजे आपल्याच प्राधिकरणाने, २०१६ मध्ये मायस्पीड ॲप आणलं, ते चांगलं पाऊल होतं. पण ते मोबाइलवर चालतं. कार्यालयातल्या फायबरची स्पीड टेस्ट मोबाइलवरून वायफायने केली, तर मोजलं जातं ते वायफाय. शिवाय ती त्या एका क्षणाची मोजणी असते. मंगळवारी संध्याकाळी काय झालं हे बुधवारी सकाळी ॲप उघडून कळत नाही.

आपल्या प्राधिकरणाने २ ऑगस्ट २०२४ ला सेवेच्या गुणवत्तेचे नवे विनियम काढले आणि ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. मी ते नीट वाचले आहेत आणि त्यांचं मनापासून स्वागत करते. मोठा बिघाड होऊन एखाद्या जिल्ह्यात २४ तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ द्यावी लागते. स्थिर जोडणीचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तरी भरपाई आहे. निकष न पाळणाऱ्या कंपनीचा दंड १० लाखांपर्यंत गेला आहे. यापूर्वी सामान्य ग्राहकाच्या हाती एवढंही नव्हतं.

पण या विनियमांचं एकक जिल्हा आहे आणि दिवस आहे. व्यापाऱ्याचं एकक त्याचं दुकान आहे आणि तास आहे. इचलकरंजीतल्या एका गल्लीतले ४० यंत्रमागवाले सहा तास बिननेटचे बसले तर कोल्हापूर जिल्हा बंद पडत नाही. दीड दिवसात दुरुस्ती झाली तर तीन दिवसही भरत नाहीत. वर्षाला ९९.५ टक्के उपलब्धता असा आकडा कागदावर भक्कम दिसतो. त्यातला उरलेला अर्धा टक्का म्हणजे वर्षाचे जवळपास ४४ तास. ते मध्यरात्री गेले तर कुणाचं काही बिघडत नाही. सकाळी १० ते संध्याकाळी ७ या वेळेत गेले तर जवळजवळ पाच कामाचे दिवस बुडाले. सरासरीत या दोन्हींची किंमत एकच धरली जाते. सेवा कंपनीचा सरासरी निकष हिरवा आणि अमुक एका लॅबचा महिना पुरता वाया गेलेला, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. प्रत्येक जोडणीची स्वतंत्र नोंद असल्याशिवाय हे अंतर मिटणार नाही.

दाद मागायला जायचं तर छोट्या व्यावसायिकाची गत अधिकच अवघड होते. आपलं प्राधिकरण वैयक्तिक तक्रारी ऐकत नाही. कंपनीचं तक्रार केंद्र आणि त्यावर कंपनीचंच अपील प्राधिकरण, अशी २०१२ च्या विनियमांतली दोन पायऱ्यांची वाट आहे. त्यापुढे ग्राहक आयोग. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी सेवा घेणाऱ्याला तेवढी सवलत आहे. एकटा झेरॉक्सवाला त्यात बसेल. बारा माणसं कामाला असलेली लॅब बसेल का, यावरच पहिल्या तारखा जातील. टीडीसॅट हे दूरसंचार वादांचं न्यायाधिकरण सेवा कंपनी आणि ग्राहकांचा गट यांच्यातला वाद ऐकतं. दिल्लीत वकील उभा करून गट बांधणं इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला कसं जमावं? मग उरतो करार. त्याच्या बारीक अक्षरांत ‘सेवा उपलब्धता आमच्या नोंदींनुसार ठरेल’ अशा अर्थाचं वाक्य सापडतं.

पुरावा मात्र आज पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. जोडणीची रोजची नोंद बंद करताना तिचं हॅश काढून दोन्ही पक्षांना पाठवणं हे प्रणालीच्या दृष्टीने काही सेकंदांचं काम आहे. नंतर एकाही आकड्यात कुणी हात घातला तर तो लगेच उघडा पडतो.

इतर देशांनी यात काय केलं हे आपल्या कार्यालयाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी दोन उदाहरणं देते, कारण ती हीच दिशा दाखवतात. जर्मनीत डिसेंबर २०२१ पासून घरगुती ग्राहकाला, करारातला वेग मिळत नसेल तर बिल कमी करून मागण्याचा हक्क आहे. त्यासाठी नियामकाने स्वतः मोजणीचं ॲप दिलं आणि तीन वेगळ्या दिवशी मिळून ३० मोजण्या करण्याची रीत ठरवून दिली. ग्राहकाने केलेली ती मोजणी कंपनीला मान्य करावी लागते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९ पासून सहभागी कंपन्या सेवा दोन पूर्ण कामाच्या दिवसांत सुरू झाली नाही तर मागणी न करता रोजची भरपाई बिलात वळती करतात. व्यावसायिक ब्रॉडबँडसाठी तिथे २०१६ पासून वेगळी स्वेच्छा संहिता आहे; हमी दिलेला वेग मिळाला नाही आणि दुरुस्तीही झाली नाही, तर ग्राहकाला दंड न भरता करार सोडता येतो. जर्मनीतली मोजणीची ठरलेली रीत मला आपल्यासाठी जास्त उपयोगी वाटते. ब्रिटनमधली भरपाईची योजना कंपन्यांनी राजीखुशीने स्वीकारलेली आहे, आणि आपल्याकडे राजीखुशीवर विसंबून छोट्या गावांतलं चित्र बदलेल असं मला वाटत नाही.

आता नेमकं काय हवं ते मांडते. ‘बिझनेस’ या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जोडणीची मिनिटागणिक नोंद सेवा कंपनीने किमान एक वर्ष ठेवावी: जोडणी चालू की बंद, प्रकाशाची पातळी, वीज गेल्याचा संदेश आला की नाही, गळती आणि फेऱ्याचा वेळ. ही नोंद ग्राहकाला त्याच्या खात्यातून केव्हाही, पैसे न देता, उतरवून घेता यावी, आणि ती कुठल्याही प्रणालीत वाचता येईल अशा साध्या फाइलमध्ये असावी. नुसता चित्रातला ग्राफ नको. ग्राहकाने स्वतःची मोजणी लावली असेल तर तीही मान्य व्हावी. फक्त ती मोजणी तटस्थ ठिकाणापर्यंत व्हायला हवी. त्यासाठी नवं काही बांधायची गरज नाही. २००३ मध्ये स्थापन झालेल्या निक्सीची (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) एक्स्चेंज केंद्रं मुंबईत आणि इतरत्र आहेतच. तिथे चाचणी सर्व्हर बसवले तर कुणाच्या बाजूचं माप हा वाद उरणार नाही.

भरपाईचं एकक तास असावं, आणि कामाच्या वेळेतल्या तासाचं वजन जास्त असावं. ती अर्ज न करता पुढच्या बिलात यावी. बिघाडाचं कारण ग्राहकाला त्याच्या भाषेत लेखी मिळावं: जागा, वेळ, काय तुटलं, काय केलं, एवढ्या चार ओळी. कोल्हापूरच्या लॅबवाल्याला मराठीत चार ओळी लिहून देणं ही फार मोठी अपेक्षा नव्हे.

यावर आक्षेप येतील, आणि त्यातले काही खरे आहेत. सततच्या मोजणीने लाइन भरून जाईल, असं सांगितलं जाईल. दर सेकंदाच्या पिंगला दिवसभरात दोन्ही बाजूंनी मिळून साधारण १५ एमबी लागतात. ते नगण्य आहे. पूर्ण वेगाची चाचणी मात्र जड असते. २०० एमबीपीएसच्या लाइनवर दहा सेकंदांची एक चाचणी २५० एमबी खाते. दर तासाला केली तर महिन्याला १८० जीबी होतात. म्हणून वेगाची चाचणी मोजकीच, तीही लाइन मोकळी असताना व्हावी, आणि तेवढा डेटा ग्राहकाच्या मर्यादेतून कापू नये.

छोट्या केबलवाल्यांचा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. तालुक्याच्या गावात नेट पोचवणारा माणूस बहुधा स्थानिक असतो. तो मोठ्या कंपनीची बँडविड्थ घेतो, स्वतःच्या खांबांवरून फायबर ओढतो आणि रात्री-अपरात्री धावून येतो. त्याच्यावर एकदम मोठ्या कंपनीइतकं कागदी ओझं टाकलं तर तो मोडेल आणि गावाला एकच पर्याय उरेल. म्हणून त्याला नोंदीचं तयार मुक्त सॉफ्टवेअर सरकारने द्यावं आणि दोन वर्षांची मुदत द्यावी. शिवाय दोष वरच्या कंपनीचा असेल तर भरपाई वरून खाली झिरपली पाहिजे, हे विनियमातच लिहावं. नाहीतर रस्ता खोदणाऱ्या ठेकेदाराच्या जेसीबीने तोडलेल्या केबलचा भुर्दंड सर्वांत दुबळ्याच्या माथी बसेल. खोदाईपूर्वी केबलमालकाला कळवण्यासाठी मार्च २०२३ पासून केंद्राचं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आहे. कुठल्या रस्त्यावर महिन्यात कितीदा फायबर तुटली याची नोंद एकत्र केली, तर ते ॲप कुठे वापरलं जात नाही हे नगरपालिकेला नकाशावरच दिसेल.

तिसरी गोष्ट खुद्द माझ्या व्यवसायातल्या लोकांना उद्देशून आहे. बाजारातल्या काही नव्या प्रणाली जोडणीबरोबरच कोणता कर्मचारी कोणत्या संकेतस्थळावर किती वेळ होता हेही दाखवतात, आणि ती सोय म्हणून विकली जाते. मी मागते आहे त्या नोंदीत याला जागा असता कामा नये. जोडणीची तब्येत मोजायला तिच्यातून काय वाहतं हे पाहावं लागत नाही. विनियमात हे निषेधाच्या स्वरूपात, स्पष्ट शब्दांत यावं, नाहीतर गुणवत्तेच्या नावाखाली पाळतीची यंत्रणा कार्यालयाकार्यालयात बसेल आणि तिच्यावर सरकारी नियमाचा शिक्का असेल.

महोदय, आपली पद्धत चांगली आहे. आधी विचारपत्रिका निघते, लोकांची मतं मागवली जातात, मग खुली चर्चा होते. पण इंग्रजीतल्या लांबलचक पत्रिकेवर मुद्देसूद उत्तर पाठवण्याएवढा वेळ आणि माणसं मोठ्या कंपन्यांकडे असतात. ज्यांच्या जोडणीचा प्रश्न आहे तो यंत्रमागवाला, लॅबवाली, आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा तरुण हे त्या कागदावर उमटत नाहीत. त्या तरुणाच्या दारात तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आणि सातबाऱ्यासाठी रांग लागलेली असते. नेट गेलं की बोलणी तोच खातो.

म्हणून या विषयावर स्वतंत्र विचारपत्रिका काढावी, ती मराठीसह भारतीय भाषांत यावी, आणि तिच्यावरची एक खुली चर्चा कोल्हापूर किंवा इचलकरंजीत घ्यावी, अशी विनंती करते. त्याआधी एका जिल्ह्यात सहा महिन्यांचा प्रयोग करून पाहता येईल. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि इचलकरंजी इथल्या दोनशे जोडण्या निवडाव्यात, कंपनीची नोंद आणि ग्राहकाकडची नोंद शेजारी शेजारी ठेवावी, आणि दोन्हींत कुठे, किती आणि का फरक पडतो हे जाहीर करावं. डब्या बसवणं, त्यांची देखभाल आणि मराठीतून माहिती देणं हे काम मी आणि या भागातले माझे व्यवसायबंधू विनामोबदला करू. जागा, वीज आणि जोडणी द्यायला तयार असलेल्या कारखानदारांची, लॅबचालकांची आणि सेवा केंद्रांची यादी आपण मागाल तेव्हा पाठवते.

आपली,
कोल्हापूर परिसरातील एक नेटवर्क तंत्रज्ञ